कबुतरांची शर्यत सोडून लक्का (पंख्यासारख्या शेपटीचं कबुतर) पाळायचाय, जुन्या होमरचं काय करू?

सांगलीत गच्चीवर होमर, म्हणजे शर्यतीची कबुतरं आहेत. पहाटे टोपल्या घेऊन लांब सोडायला जाणं गुडघ्यांना झेपेना. लक्के पाळून कबुतरांच्या शोला उतरावं म्हणतो. होमर देऊन टाकू?

उत्तर १: काका, अजिबात देऊ नका! लक्क्याची अंडी होमरखाली सरकवा, पिल्लं भरवण्यात ते पटाईत. दोन्हीकडची अंडी एक-दोन दिवसांच्या फरकातलीच हवीत, नाहीतर पिल्लू निघेल आणि दाई कबुतराच्या गळ्यातल्या पिशवीत पिल्लासाठीचं दूध नसेल. ओळखीसाठी पायात घालायची बंद रिंग साधारण आठवड्याच्या पिल्लाला घाला, उशीर झाला की पंजा शिरत नाही. आणि साध्या कबुतराच्या शेपटीत १२ पिसं, लक्क्याला ३०-४०. जोडा लागताना हाच पिसारा आडवा येतो. बुडाजवळची पिसं आधी कातरा.

उत्तर २: वरचे दादा म्हणतात ते खरं. शोआधी पाखराला एकट्याला पिंजऱ्यात राहायची सवय लावा. परीक्षक समोर आला की बुजून कोपऱ्यात बसलेला लक्का काय दिसणार?

प्रश्नकर्ता: मग होमर राहतातच. घरात सांगून बसलोय की पाखरं कमी करतोय, आता तेवढं निस्तरतो!