मदत हवी आहे: एमईकेपी हार्डनरचे सीमाशुल्क वर्गीकरण २९०९ की ३८१५?

नमस्कार. मशीद बंदरच्या वडगादी भागातील रसायनांच्या एका लहान पेढीत मी आयातीची कागदपत्रे सांभाळते. मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड, म्हणजे बाजारात ज्याला एमईकेपी किंवा नुसते हार्डनर म्हणतात, ते आम्ही थायलंडहून मागवतो आणि वसई, उरण या बाजूच्या फायबरच्या होड्या व टाक्या बनवणाऱ्या कारखान्यांना पुरवतो. मालात पेरॉक्साइड सुमारे ३५ टक्के असून उरलेला बहुतेक भाग डायमिथाइल थॅलेट आहे.

आजवर हा माल आम्ही सीमाशुल्क टॅरिफच्या २९०९ या हेडिंगखाली (मालाच्या गटाच्या क्रमांकाखाली) दाखवत आलो आणि कधी अडचण आली नाही. या वेळी न्हावा शेवा येथे बिल ऑफ एन्ट्रीवर (आयातीच्या घोषणापत्रावर) क्वेरी आली आहे की, हे रेझिनची अभिक्रिया सुरू करण्यासाठी तयार केलेले मिश्रण असल्याने ते ३८१५ मध्ये का धरू नये. आसियान कराराखालील मूळ देशाच्या प्रमाणपत्रावर २९०९ असल्यामुळे सवलतीचा दावाही अडकला आहे. आमचे ब्रोकर म्हणतात, ३८१५ मान्य करा आणि माल सोडवून घ्या. मला ते पटत नाही, कारण एकदा मान्य केले की मागच्या दोन वर्षांच्या मालावरही सीमाशुल्क कायद्याच्या कलम २८ खाली शुल्कातील फरकाची मागणी येऊ शकते. मालाच्या एमएसडीएसवर (सुरक्षा-पत्रकावर) धोकादायक मालाच्या वाहतुकीचा क्रमांक यूएन ३१०५, वर्ग ५.२ (सेंद्रिय पेरॉक्साइड) असे स्पष्ट लिहिलेले आहे. हाच क्रमांक उत्तरात मुख्य आधार म्हणून मांडला तर पुरेसा होईल का? कंटेनर ऑक्टोबरच्या उन्हात सीएफएसमध्ये (बंदराच्या कंटेनर साठवण केंद्रात) उभा आहे, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते.

प्रतिसाद १

यूएन क्रमांक मुख्य आधार म्हणून मांडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. माल जहाजावर कसा न्यावा आणि कशापासून दूर ठेवावा हे तो क्रमांक सांगतो. टॅरिफमध्ये वस्तू कोठे बसते हे मात्र सर्वसाधारण नियम १ प्रमाणे हेडिंगच्या शब्दांवरून आणि प्रकरणांच्या टिपांवरून ठरते. धोकादायक असणे हा वर्गीकरणाचा निकष नाही.

आपली बाजू हेडिंगच्या शब्दांतच भक्कम आहे. २९०९ मध्ये कीटोन पेरॉक्साइड नावानिशी आहेत आणि त्यांच्यापुढे कंसात ‘रासायनिक दृष्ट्या निश्चित रचनेचे असोत वा नसोत’ अशा अर्थाचे शब्द आहेत. एमईकेपी हे एकच रेणू असलेले संयुग नसून अनेक पेरॉक्साइडांचे मिश्रण असते, त्यामुळे एरवी टॅरिफच्या प्रकरण २९ मधून (सेंद्रिय रसायनांच्या प्रकरणातून) ते बाहेर पडले असते. त्या शब्दांमुळे ते आत राहते. याउलट ३८१५ हे हेडिंग अन्यत्र उल्लेख नसलेल्या अभिक्रिया-प्रारंभकांसाठी आहे. ज्याचा अन्यत्र नावाने उल्लेख आहे ते तेथे कसे जाईल, हा प्रश्न उत्तरात अवश्य विचारा.

खरी लढाई थॅलेटवर होईल. प्रकरण २९ ची टीप १(ई) अशी आहे की, पाण्याव्यतिरिक्त अन्य द्रावकात विरघळवलेले उत्पादन त्या प्रकरणातच राहते. मात्र ते द्रावण केवळ सुरक्षिततेसाठी किंवा वाहतुकीसाठी आवश्यक अशी नेहमीची पद्धत असले पाहिजे, आणि द्रावकामुळे उत्पादन एखाद्या विशिष्ट वापरासाठी खास योग्य होता कामा नये. येथे मात्र यूएनची कागदपत्रे पुरावा म्हणून कामी येतात. सेंद्रिय पेरॉक्साइडांच्या यूएन तक्त्यात ३१०५ खाली एमईकेपीचे प्रमाण जास्तीत जास्त ४५ टक्के आणि विरलक (पातळ करणारा घटक, येथे थॅलेट) किमान ५५ टक्के असावे, असे दिलेले आहे. म्हणजे थॅलेट घालणे ही सुरक्षिततेची अट आहे, हे आपण लिखित स्वरूपात दाखवू शकता. शुद्ध स्वरूपात हा माल पाठवता येत नाही, असे उत्पादकाचे पत्रही जोडा.

माल सोडवण्यासाठी ३८१५ मान्य करण्याची गरज नाही. कलम १८ खाली तात्पुरते मूल्यनिर्धारण मागा, बंधपत्र व तारण द्या आणि कंटेनर सावलीत आणा. अधिकाऱ्यांनी तरीही वर्गीकरण बदलले, तर कलम १७(५) खाली कारणांसहित आदेश मागावा. आयुक्त (अपील) यांच्याकडे जाण्यास ६० दिवस मिळतात. पुढच्या खेपांसाठी मुंबईच्या ॲडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाचा (आयातीपूर्वीच वर्गीकरणाचा निर्णय देणाऱ्या संस्थेचा) विचार करता आला असता. पण तोच प्रश्न आपल्याच प्रकरणात सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे प्रलंबित असेल तर तेथे अर्ज चालत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. तात्पुरत्या मूल्यनिर्धारणाचा अर्ज आजच तयार करते. एक गोष्ट मात्र पहिल्या प्रश्नात लिहायची राहिली. या खेपेतील निम्मे कॅन लाल रंगाच्या प्रकाराचे आहेत. रेझिनमध्ये हार्डनर नीट मिसळले की नाही हे कारागिराला दिसावे म्हणून रंग घातला आहे, असे उत्पादकाच्या माहितीपत्रकात छापलेले आहे. नमुना प्रयोगशाळेत गेल्यावर हे पुढे येणारच.

प्रतिसाद १

मग दोन्ही प्रकारांची बाजू वेगवेगळी मांडा. टीप १(जी) ओळख पटावी म्हणून किंवा सुरक्षिततेसाठी घातलेल्या रंगाला परवानगी देते, परंतु त्या रंगाने माल विशिष्ट वापरासाठी खास योग्य होता कामा नये. माहितीपत्रकातील ते वाक्य नेमके त्या मर्यादेवर बोट ठेवणारे आहे, म्हणून लाल मालाबाबत आपली बाजू दुबळी आहे आणि ते माहितीपत्रक दडवू नये. बिलावर लाल व रंगहीन माल स्वतंत्र ओळींत नसेल तर दुरुस्ती मागा, म्हणजे एकाच्या वादात दुसरा ओढला जाणार नाही. दोन्हींचे नमुनेही वेगळे काढायला सांगा, आणि पेरॉक्साइडचे प्रमाण, विरलकाची ओळख व अन्य काही मिसळले आहे का, हे तीन प्रश्न चाचणीच्या पत्रात लेखी असू द्या.