नदीकाठचं लहानपण: होडी, पूर, पाणवठा... तुमच्या गावाचं लिहा

मंडळी, माझं लहानपण सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात गेलं, पलूस तालुक्यात. परवा आमच्या पोरांना सांगत होते की आम्ही नदीचं पाणी प्यायचो, तर त्यांना ते खरंच वाटेना. म्हणून म्हटलं, ज्यांचं ज्यांचं गाव नदीकाठी होतं त्यांनी इथे लिहावं. नदीवर रोज काय चालायचं, पलीकडे कसे जायचात, पाणी कुठून भरायचात, पूर आला की घरात काय हालचाल व्हायची, हे लिहा. नुसती निसर्गवर्णनं नकोत, ती भरपूर वाचलीत.

माझ्यापासून सुरुवात करते. आमच्याकडे पाऊस गावात नसला तरी पूर यायचा, कारण पाऊस तिकडे महाबळेश्वर-कोयनेला असायचा आणि पाणी इकडे. "कोयनेचे दरवाजे उचलले" एवढं रेडिओवर आलं की आजी आधी ज्वारीची पोती माळ्यावर चढवायला लावायची, मग चुलीपुढची वाळकी लाकडं, मग शेणी. माणसांच्या कपड्यांचा नंबर सगळ्यात शेवटी. आजोबा पाण्याच्या कडेला काठी रोवायचे आणि दर तासा-दोन तासाला बघून यायचे. पाणी चढत असेल तर काठी पुढे जाऊन वर रोवायची, आणि उतरायला लागलं की भिंतीवर चिखलाचा ओला पट्टा दिसायला लागतो, पाण्याच्या रेषेच्या वर चार बोटं, तो पट्टा दिसला की आजोबा म्हणायचे "उतारा लागला". मग बायका चहा टाकायच्या. आता सगळे मोबाईलवर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी बघतात, 40 फुटाला इशारा आणि 45 ला धोका, सांगलीकरांना हे आकडे झोपेत विचारा. 2019 ला ती 57 फुटांच्या वर गेली तेव्हा आजोबांची काठी कुठे रोवणार होतो, जिथे कधी पाणी बघितलं नव्हतं त्या गल्लीत पाणी होतं.

लिहा आता तुम्ही.

शिरोळ तालुक्यातून

ताई, चांगला विषय काढलात. आमचं गाव नरसोबाच्या वाडीपासून जवळ. तुमच्याकडे पुराची धास्ती, आमच्याकडे धास्ती पण आणि दक्षिणद्वारची वाट पण. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो, वाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे, पाणी वाढलं की ते दत्ताच्या देवळात उत्तरेच्या दारातून शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं, त्या पाण्यात स्नान करायला लांबून लोक येतात. आमच्या घरी मध्यरात्री जरी कळलं की दक्षिणद्वार लागलं तरी आई उठवायची. अंधारात, पावसात, पाणी असलं गार आणि गढूळ, पायाखाली पायरी दिसत नाही, बाबांनी दंड धरलेला. अजून जास्त पाणी चढलं की मूर्ती वरच्या बाजूला हलवतात. म्हणजे देव पण आमच्यासारखाच सामान घेऊन वर जायचा, त्यामुळे पुराची भीती वाटायची पण राग कधी नाही आला.

पलीकडे जायला होडी होतीच, पण पुरात होडी मिळाली नाही की गुऱ्हाळातली गूळ करायची काहील काढायचे. चार माणसं बसायची, एक जण वल्हवायचा, ती गोल असल्यामुळे सरळ जात नाही, गरगर फिरते. बाळंतीण बाई काहिलीतून नेलेली मी स्वतः बघितलीय, काठावर अख्खं गाव उभं होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

एक मात्र लिहायलाच पाहिजे. आमच्या लहानपणी पंचगंगेत वाम, मरळ असले मासे मिळायचे. नंतर नंतर उन्हाळ्यात पाण्याला वास यायला लागला आणि मेलेल्या माशांचा थर काठाला लागलेला दिसायला लागला. कुणी काय सोडलं ते काठावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. ह्याचा त्रास आजही होतो.

वाळवा तालुका

मळीतली वांगी कशी विसरलात? पूर ओसरला की जो गाळ बसतो त्या जमिनीत कृष्णाकाठची वांगी. पुण्यामुंबईत त्या नावाने काहीही विकतात. खरं वांगं भाजलं की घरभर वास सुटतो, त्यात दाण्याचं कूट, कांदा, बास.

भीमाकाठ, इंदापूर

माझी गोष्ट जरा वेगळी, कारण आमचं गावच पाण्यात गेलं. उजनी धरण 1980 ला पूर्ण झालं, त्याच्या आधीच लोकांना उठवलं. मी तेव्हा फार लहान, पण आईकडून इतक्यांदा ऐकलंय की वाडा कुठे, चावडी कुठे, घाटाच्या पायऱ्या कुठे सगळं तोंडपाठ आहे. आई नव्या गावात आल्यावर कितीतरी वर्षं "नदीवर जाऊन येते" असंच म्हणायची, जायची मात्र नळावर. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे पाणी वापराच्या पातळीच्याही खाली गेलं, की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तेव्हा आजूबाजूच्या बुडालेल्या गावांची माणसं तिकडे जातात. आई पण गेली होती. फोटो काढायला आलेल्या पोरांची गर्दी होती, आणि ही आपली एका चौथऱ्यापाशी खाली बसून दगडांवरचा चिखल पदराने पुसत होती. मला म्हणाली, "इथं जातं होतं आपलं."

त्याच पाण्यावर आज आमचा ऊस आहे, हे पण खरं आहे. भिगवणला फ्लेमिंगो बघायला लोक गाड्या करून येतात. मला दोन्ही गोष्टी एकदम मनात येतात आणि त्यातलं एक खोडून दुसरं ठेवता येत नाही.

चिपळूणजवळून

आमची वाशिष्ठी. घाटावरच्यांना गंमत वाटेल पण कोयनेचं पाणी आम्हालाच येतं, वीज तयार करून झाली की ते डोंगराच्या अलीकडे कोकणात उतरतं आणि वाशिष्ठीला मिळतं, म्हणून भर मे महिन्यात पण आमच्या नदीला पाणी. खाली खाडीकडे भरती-ओहोटीचं वेगळंच वेळापत्रक. शाळेला पलीकडच्या गावात जायचो, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, होडी काठाला लागायची नाही, मग चपला हातात, दप्तर डोक्यावर आणि गुडघाभर चिखल. मास्तरांना सगळं माहीत असायचं, भरती कधी आहे ते बघूनच हजेरी घ्यायचे. सुट्टीत आत्यासोबत कालवं काढायला. दगडाला चिकटलेली कालवं कोयतीच्या टोकाने फोडायची, हात हमखास कापायचा, खाऱ्या पाण्यात तो असा झोंबायचा की बास. 22 जुलै 2021 च्या पुराबद्दल आत्ता लिहीत नाही, जमणार नाही.

वैनगंगा, पवनीकडे

आमी झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातले. आमच्या गावचे ढिवर बंधू डोंगा चालवायचे, एकाच झाडाच्या खोडातून कोरलेला डोंगा, त्यात बसायचं म्हणजे हलायचं नाही. उन्हाळ्यात नदी आटली की रेतीत डांगरवाडी लागायची, टरबूज, डांगर, काकड्या. रात्री राखणीला बाबांसोबत मांडवात झोपायला मिळावं म्हणून आम्ही भावंडं भांडायचो. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा, रात्रभर दंडार म्हणजे नाचगाण्याचा खेळ, नदीपलीकडचे सगळे पाहुणे डोंग्यातून यायचे, घरात पाय ठेवायला जागा नसायची. गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन 1988 ला झालं आणि पुढची सगळी वर्षं गाव उठणार, गाव उठणार हेच ऐकत आम्ही मोठे झालो. कोणी नवीन घर बांधेना, कोणी पोरगी देईना. आता डांगरवाडीची रेतीच पाण्याखाली आहे.

कराडकडून, थोडक्यात

पाणी कुठून भरायचात विचारलंय म्हणून. वाळूत झिरा काढायचा. हाताने वाळू उकरत जायचं, कोपरभर खोल गेलं की पाणी पाझरायला लागतं. पहिलं पाणी वाटीने काढून टाकायचं, दुसरं पण टाकायचं, तिसऱ्यांदा जे जमतं ते निवळशंख, मग वाटी वाटीने कळशी भरायची आणि वर फडकं. ह्याला वेळ लागायचा, तोवर बायकांच्या गप्पा, आणि सासुरवाशिणींना घराबाहेर बसून बोलायची तेवढीच जागा. वाळूच उपसून नेली तिथे झिरा कसला निघणार. आता खडक उघडा पडलाय.

धागाकर्ती

सगळ्यांचं वाचलं. इंदापूरच्या दादा, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. कराडच्या ताईंनी झिऱ्याचं लिहिलं ते आमच्याकडे अगदी तसंच, आमची आजी तर पाहुण्यांना द्यायचं पाणी वेगळं, उशिराच्या झिऱ्याचं ठेवायची.

अजून एक विचारायचंय. आमच्या गावच्या नावाड्याला गावकरी पैसे द्यायचे नाहीत, सुगीला घरटी धान्य ठरलेलं असायचं, परगावच्या माणसाकडून तेवढे पैसे घ्यायचे. बाकी नद्यांवर कशी पद्धत होती? पूल झाल्यावर त्या घरांचं पुढे काय झालं? नावाड्यांच्या घरातलं कोणी वाचत असेल तर त्यांनी जरूर लिहा, काठावरून आम्ही बघितलं ते खूप झालं, होडीतून कसं दिसायचं ते वाचायचंय. मोडकंतोडकं लिहिलं तरी चालेल.