मदत हवी आहे : बिनकाट्याचा निवडुंग सुरू केला, शेण पातळ झालं, दुधाची फॅट पडली

कोरडवाहू :
येवला तालुका, पूर्व भाग. विहीर आटलीय. बांधावरचा निवडुंग तोडायला आला म्हणून गायींना चालू केला. शेण पाण्यासारखं झालंय. आज दूध केंद्रावर फॅट 3.5 च्या खाली गेली, दर कापला. बंद करू की चालू ठेवू? लवकर सांगा, संध्याकाळच्या धारेच्या आत.

गोठा_डॉक्टर :
तोडल्यावर पांढरा चीक निघतो का? निघत असेल तर तो तीनधारी, म्हणजे विषारी चिकाचा, आत्ताच बंद करा. गायी किती, रोज किती किलो, सोबत काय देता?

कोरडवाहू :
बिनकाट्याचा म्हणून वर लिहिलंय ना. चपटी पानं, चीक नाही, आतून बुळबुळीत. चार एचएफ (होल्स्टीन) गायी आहेत.

मुरघासवाला :
निवडुंगाच्या नादी लागूच नका दादा. मक्याचा मुरघास करा, हिरवा मका कुट्टी करून हवाबंद मुरवायचा. मी वर्षभर तोच घालतो, फॅट हलत नाही.

राजापूरकर :
तुमच्याकडे पालखेड कालव्याच्या पाण्याचं आवर्तन येतं म्हणून मका होतो. आमच्याकडे प्यायला टँकर लागतो. निवडुंग रात्री श्वास घेतो, दिवसा पानांची तोंडं मिटून बसतो, म्हणून एवढ्याशा पाण्यावर जगतो. मुरघासाला मका आणायचा कुठून?

मुरघासवाला :
विकत मिळतो की. बॅगा भरून येतात.

राजापूरकर :
भाव पण सांगा मग.

शहरातून :
उंटांना निवडुंग चालतो का? 2023 च्या मे महिन्यात नाशकात शंभराहून जास्त उंट आले होते, तेव्हापासून डोक्यात आहे. उंटिणीच्या दुधाला गिऱ्हाईक आहे म्हणतात.

गोठा_डॉक्टर :
खातात, पण सुक्या चाऱ्याबरोबरच द्यायचा. उंटाला मीठही गायीपेक्षा कितीतरी जास्त लागतं. राजस्थानातून उंट बाहेर न्यायला 2015 च्या कायद्याने बंधनं आहेत, ते आधी बघा. यासाठी वेगळा धागा काढा, इथे गायी अडल्यात. कोरडवाहू, किलो आणि सोबतचा चारा अजून सांगितला नाहीत.

कोरडवाहू :
गाईला दोन पाट्या. चाळीसेक किलो असेल. कडबा संपला म्हणून तर निवडुंग चालू केला!

गोठा_डॉक्टर :
मग दुखणं इथेच आहे. पानात 90 टक्क्यांच्या आसपास पाणी. 40 किलो घातला तरी पाणी सोडून जेमतेम 4 किलो चारा पोटात जातो. चाऱ्यातला चोथा कमी पडला की रवंथ कमी होतो, लाळ कमी सुटते आणि फॅट पडते. निवडुंग पूर्ण बंद करू नका, निम्म्यावर आणा. पानांचे तुकडे करून भुसा किंवा कुट्टीत कालवून द्या. कोरड्या हिशेबाने, म्हणजे पाणी सोडून, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नको. प्रथिनं फार कमी असतात, सरकी पेंड चालू ठेवा. ताप आला, शेणात रक्त दिसलं किंवा रवंथ थांबला, तर गावातल्या डॉक्टरांना बोलवा.

राजापूरकर :
पानं सकाळी तोडू नका. रात्रभरात आंबट होतात, चावून बघा. दुपारनंतर तोडली की आंबटपणा उतरलेला असतो, गायी गव्हाण चाटून पुसून साफ करतात.

बागायती_ताई :
या पानांची भाजीही होते. साल काढून कांदा-लसणावर परतायची.

मुरघासवाला :
एवढी तोडणी, तुकडे, कालवण... त्यापेक्षा बॅग फोडली की झालं.

कोरडवाहू :
शेजारी सोयाबीनचा भुसा मिळतोय, आज आणतो. चौघींना सारखाच घालू ना? एक आठ महिन्यांची गाभण आहे.

गोठा_डॉक्टर :
तिचं वेगळं. निवडुंगात कॅल्शियम भरपूर, विण्याच्या आधी जास्त गेलं तर व्याल्यावर मिल्क फिव्हरची (रक्तातलं कॅल्शियम घसरून गाय बसते, त्याची) भीती असते. तिचा निवडुंग आजपासून बंद, भुसा आणि थोडी पेंड द्या. तिला आटवलीय की अजून धार काढताय?