आजीची कानबाईची गाणी मोबाइलवर चित्रित केली, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो

प्रश्न (अमळनेर तालुका)

कानबाई या आमच्या खानदेशातील देवीच्या रोटांसाठी (नैवेद्यासाठी) जात्यावर दळताना म्हणायची अहिराणी गाणी माझ्या आजीला तोंडपाठ आहेत आणि आमच्या घरात ती जाणणारी आता ती एकटीच उरली आहे. पत्र्याच्या छताच्या, शहाबादी फरशीच्या खोलीत मोबाइल तिकाटण्यावर लावून मी सुमारे आठ फुटांवरून दोन तास चित्रीकरण केले. चित्र स्वच्छ आहे, मात्र आवाज घुमतो, आणि ओवी संपवून आजी श्वास घेते तेवढ्यात पंख्याचा आवाज एकदम उसळतो. जास्तीत जास्त दीड हजार रुपये खर्च करू शकतो. काय करावे?

उत्तर (धुळे)

पंखा उसळतो, कारण बोलणे थांबताच मोबाइल आपणहून आवाजाची पातळी वाढवतो. मूळ दोष मात्र अंतराचा आहे. माइक आणि तोंड यांतील अंतर निम्मे केले की थेट येणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो, म्हणजे आठ फुटांवरून एक फुटावर आल्यास सुमारे 18 डेसिबलचा फरक पडतो आणि खोलीचा घुमारा जवळपास होता तेवढाच राहतो. म्हणून महागडा मोबाइल घेण्याऐवजी तारेचा साधा कॉलर माइक घ्या. त्याच्या पिनेवर तीन काळी वलये आहेत का ते पाहून घ्यावे. दोनच असतील तर ती पीन बहुधा कॅमेऱ्यासाठीची असते आणि मोबाइल तो माइक ओळखत नाही. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, पदर घासणार नाही असा लावावा. दळताना पदर सतत सरकतो, त्यामुळे मी माइक चोळीच्या काठाला लावून तार चिकटपट्टीने आत बसवतो.

उत्तर (चोपडा)

वरील उत्तराशी सहमत आहे, पण खोलीकडेही लक्ष द्यावे. आजींच्या समोरच्या आणि पाठीमागच्या भिंतीवर जाड गोधड्या टांगा, खाली सतरंजी अंथरा. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, त्याचा उपयोग फारच थोडा होतो. पंखा बंद ठेवावा लागणार, तेव्हा चित्रीकरण पहाटे करणेच बरे. उन्हात पत्रा तापला की तोही कडकडतो.

प्रश्नकर्ता

झालेले दोन तास वाया गेले असे समजावे का? आजीचे वय पाहता सगळी गाणी पुन्हा म्हणायला सांगणे मला जड जाते.

उत्तर (नंदुरबार)

अजिबात वाया गेलेले नाहीत. मूळ फाइलची प्रत जपून ठेवा आणि दुसऱ्या प्रतीवर ऑडॅसिटी या आवाज सुधारण्याच्या मोफत संगणक-प्रणालीत काम करा. आधी 80 हर्ट्झच्या खालचा, अगदी खर्जातला भाग कापा, म्हणजे पंख्याच्या घरघराटातील सर्वांत जड भाग जाईल. नंतर फक्त पंखाच ऐकू येतो असे दोन-तीन सेकंद निवडून गोंगाटाचा नमुना म्हणून प्रणालीला द्या आणि 6 ते 10 डेसिबलपेक्षा जास्त गोंगाट काढू नका. त्यापुढे गेल्यास स, श, च ही व्यंजने झिजतात, आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि अहिराणीचे उच्चार, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे, तेच हरवतात. एक धोका विशेष ध्यानात घ्या: जात्याची घरघर एकसारखी असल्यामुळे प्रणाली तिलाही गोंगाट समजते. नमुना निवडताना जाते थांबलेलेच क्षण घ्या, कारण ती घरघर गाण्याचा ठेका आहे. घुमारा मात्र मोफत साधनांनी पुरता जात नाही, आणि जिथे आवाज फाटला आहे तिथे तो परत जोडता येत नाही.

पुढच्या वेळी कॉलर माइक दुसऱ्या मोबाइलला जोडून तो आजींच्या शेजारी ठेवा आणि सुरुवातीला व शेवटी एकेक टाळी वाजवा. दोन फाइली टाळीवर जुळवता येतात. लांब चित्रीकरणात त्या किंचित सरकतात, ते शेवटच्या टाळीवरून कळते.

प्रश्नकर्ता

काल पहाटे पाच वाजता गोधड्या टांगून, नीट न आलेली तीनच गाणी पुन्हा घेतली. जाते थांबल्यावर आजीच्या बांगड्या जात्याच्या पाळूवर (दगडावर) टेकल्याचा आवाजसुद्धा स्पष्ट आला आहे. तो मी काढणार नाही.