१५ वर्षं ठेवायची गाडी: वॅगनआर, ट्रायबर की जुनी अर्टिगा?

कृष्णाकाठ (सांगली)

घरात पाच माणसं, त्यात दोन म्हातारी. राहणं सांगलीत, शेत तासगावच्या बाजूला. महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर, वर्षातून चार-पाचदा घाट. गाडी एकदा घेतली की १५ वर्षं बघायचं नाही. आपल्या भागात अशी घरं ढिगाने आहेत आणि त्यांना सध्या सात सीटची गाडी घ्यायला लावतात. माझं मत सरळ सांगतो: मारुतीची वॅगनआर, १.२ लिटर पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअर.

खरी स्टेशन वॅगन, म्हणजे मागे लांब डिकीची गाडी, आपल्याकडे टिकलीच नाही. बलेनो अल्टुरा, कोर्सा स्विंग, इंडिगो मरिना आल्या आणि गेल्या. आता त्याला कराचंही कारण आहे. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी 'छोटी' धरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिला १८ टक्के जीएसटी, त्यापुढच्या गाडीला ४०. मग लांबी वाढवून जागा कोण काढणार? उंची वाढवून काढतात, आणि तीच आपली वॅगन.

वॅगनआरची डिकी ३४१ लिटर. सीट उंच, त्यामुळे गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसाला खाली वाकून आत शिरावं लागत नाही. इंजिन चार सिलिंडरचं, ताकद ९० पीएस, ओढण्याचा जोर ११३ न्यूटन मीटर, टायमिंगला (झडपांचा मेळ राखायला) पट्टा नाही, चेन. गाडीचं वजन साडेआठशे किलोच्या आत. इंजिनावर ताण कमी म्हणून ते टिकतं. चार पैसे वाचवायला १.० घेऊ नका. तिला ६७ पीएस आणि ८९ न्यूटन मीटर एवढाच जोर, घाटात सारखं दुसऱ्या गिअरवर यावं लागतं.

एक गोष्ट शोरूममध्ये कुणी सांगत नाही. या गाडीची वजन पेलण्याची मर्यादा साधारण पाचशे किलो, आणि त्यात माणसंही आली. पाच माणसं ६५ किलोंची धरली तर सव्वातीनशे तिथंच गेले. द्राक्षाचे २० किलोचे क्रेट भरताना हा हिशेब डोक्यात ठेवा, नाहीतर मागचे स्प्रिंग बसतात आणि हेडलाइट झाडाच्या शेंड्यावर पडतो.

घाटमाथा (कराड)

कृष्णाकाठ साहेब, हिशेब बरोबर मांडलात, पण उत्तर चुकीचं काढलंत. पाच माणसं आणि पाच क्रेट एकाच वेळी न्यायचे असतील तर वॅगनआरमध्ये क्रेट ठेवणार कुठे? ३४१ लिटर म्हणजे दोन मोठ्या बॅगा आणि वर पिशव्या.

रेनॉची ट्रायबरही चार मीटरच्या आतली, ९९९ सीसी, म्हणजे कर तोच १८ टक्के. तिसऱ्या रांगेच्या दोन्ही सीट सुट्या निघतात. काढून घरात ठेवल्या की मागे ६२५ लिटर. मधली रांग पुढे-मागे सरकते. लग्नसराईत सीट परत लावल्या की सात जण. जमिनीपासून उंची १८२ मिलिमीटर, वॅगनआरची १६५. शेताच्या वाटेवर ऊस वाहून झाल्यावर जी चाकोरी पडते, तिच्या मधल्या उंचवट्याला गाडीचं पोट लागतं की नाही, हे या १७ मिलिमीटरवर ठरतं.

आणि सुरक्षा. ग्लोबल एनकॅपमध्ये (गाड्या धडकवून सुरक्षा तपासणारी संस्था) ट्रायबरला २०२१ मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. वॅगनआरला २०२३ मध्ये एक. आता सहा एअरबॅग दिल्या म्हणून ढाचा बदलत नाही. १५ वर्षं ज्या गाडीत घरची माणसं बसणार, तिथे हा मुद्दा आधी यायला हवा.

कृष्णाकाठ (सांगली)

ताऱ्यांचं अर्धंच सांगितलंत. २०२२ मध्ये चाचणीचे नियम कडक झाले, बाजूची धडक आणि ईएससी (घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा) त्यात आलं. ट्रायबरचे चार तारे जुन्या नियमांचे, वॅगनआरचा एक नव्या. दोन्ही शेजारी ठेवून तुलना होत नाही. वॅगनआर या बाबतीत कमी पडते हे मात्र मान्य, त्यावर वाद घालत नाही.

आता जोर बघा. ट्रायबर ७२ पीएस, ९६ न्यूटन मीटर. रिकामी गाडी साडेनऊशे किलोच्या आसपास. सात माणसं बसली की चौदाशे. हे घेऊन वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला किंवा कुंभार्लीतून चिपळूणला जायचं. वळणावर एसटी थांबली, की पुन्हा उचलताना अर्धा क्लच धरावा लागतो. क्लच प्लेट इथेच जळते, सपाटीवर नाही. आणि सातही सीट लावल्यावर डिकी उरते ८४ लिटर. सात माणसांचे कपडे कुठे ठेवणार?

दुसरं, १५ वर्षांत पार्ट मिळणं. ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड कुठल्याही गाडीचे मिळतात. अडतं ते हेडलॅम्प, दाराचं लॅच, बंपर, ईसीयू (इंजिनाचा संगणक) यांच्यावर. शेवरोलेने २०१७ च्या अखेरीस इथली विक्री थांबवली, डॅटसन २०२२ मध्ये गेली. त्या गाड्यांची इंजिनं चांगली चालतात, पण काच फुटली की शोधाशोध. वॅगनआरचा स्टेबिलायझर लिंक रॉड (सस्पेन्शनचा छोटा पार्ट) विट्यात मिळतो, जतमध्येही मिळतो.

मिरज जंक्शन

दोघंही नव्याच गाडीवर अडलात. त्याच पैशात २०१९ ते २०२२ मधली पेट्रोल अर्टिगा का नको? १४६२ सीसी, चार सिलिंडर, चेन. तिसरी रांग पाडली की ५५० लिटर आणि तळ जवळजवळ सपाट. सात माणसं घेऊन घाट चढताना तिला धाप लागत नाही. नवी घेतली तर ४० टक्के करात बसते, जुनीवर तो भार पहिल्या मालकाने उचललेला असतो. सस्पेन्शनमधले लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश आणि स्ट्रट माउंट हे तिघं वाजतात. तिन्ही स्वस्त, तिन्ही स्थानिक गॅरेजला जमणारे.

फक्त आपल्या भागात एक तपासणी सोडू नका: गाडी पुरातली आहे का. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. तेव्हा भिजलेल्या गाड्या धुऊन-पुसून आजही बाजारात फिरतात, आणि एमएच १० चीच पाटी असेल असं नाही.

पुढचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. रोज वापरात न येणाऱ्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची करडी रेघ दिसते, कारण तिथपर्यंत कुणी धूत नाही. मग डिकीतला गालिचा उचला, स्टेपनी काढा, खड्ड्याच्या तळाला बोट फिरवा. बारीक चिकट माती लागली तर व्यवहार तिथेच थांबवा. सीटच्या रुळांचे बोल्ट आणि डॅशबोर्डखालचे स्क्रू गंजलेले आहेत का बघा. सीट कव्हर बदलता येतं, पण हे बोल्ट कुणी बदलत नाही. दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिक पट्टी उचकटली की खालून वायरिंगचा जुडगा जातो. एखादा कनेक्टर सोडवा. पिनांवर हिरवट थर असेल तर ती गाडी आज चालेल, सहा महिन्यांनी डॅशबोर्डवर इशाऱ्याचा एकेक दिवा पेटायला लागेल. पिना हळूहळू खातात, म्हणून दोष उशिरा कळतो. एअरबॅगचं मॉड्यूल मधल्या कन्सोलखाली तळालाच असतं. अर्टिगाच्या स्मार्ट हायब्रिडची (इंजिनाला थोडी मदत करणारी बॅटरीची जोड) लिथियम बॅटरी पुढच्या सीटखाली. पुराचं पाणी दोन्हींपर्यंत पोचतं आणि दोन्ही महाग. हे सगळं अर्ध्या तासात होतं. विकणारा पट्टी काढू देत नसेल तर दुसरी गाडी बघा.

कृष्णाकाठ (सांगली)

पुराची तपासणी उत्तम सांगितलीत. पण वय विसरलात. २०१९ च्या गाडीचं आरसी २०३४ ला संपतं, मग तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण आणि वर पर्यावरण कर. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे नळी-गॅस्केट त्यासाठी बनलेले आहेत, आधीच्या बऱ्याच गाड्यांचे नाहीत. जुनी घेतलीच तर इंधनाच्या रबरी नळ्या आणि ओ-रिंग बदलून टाका. नळी कडक झाली, दाबल्यावर चिरा दिसल्या, की वास येण्याची वाट बघू नका.

सातारकर

सीएनजीचं नाव कुणीच काढलं नाही. समजा पेट्रोल १०५ रुपये आणि गाडी १८ देते, म्हणजे किलोमीटरला ५.८३. सीएनजी ९० रुपये किलो आणि २६ देते, म्हणजे ३.४६. फरक २.३७. महिन्याला ११०० किलोमीटर धरले तर वर्षाला ३१ हजारांच्या पुढे वाचतात. सीएनजी मॉडेलचे जास्तीचे पैसे तीन-साडेतीन वर्षांत निघतात आणि पुढची ११ वर्षं नफा. एकरकमी करही पेट्रोलपेक्षा कमी. १५ वर्षं ठेवायची असेल तर याहून सरळ गणित दुसरं नाही.

घाटमाथा (कराड)

दादा, गणित बरोबर, पण गाडी वॅगन राहत नाही. वॅगनआरच्या डिकीत ६० लिटरची टाकी बसली की उरते ती पिशव्यांची जागा. शिवाय सीएनजी १.० इंजिनातच मिळते, ५७ पीएस आणि ८२ न्यूटन मीटर. डिकी हवीच असेल तर टाटाची दोन ३० लिटरच्या टाक्या तळाखाली बसवायची रचना बघा.

आणि सीएनजीवर दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) लागते, ती चुकवली तर पंपावर गॅस देत नाहीत आणि विम्यालाही अडचण येते. एअर फिल्टर धुळीत लवकर बदला, प्लगचं अंतर नीट ठेवा, नाहीतर चढावर गाडी झटके देते. आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा, म्हणजे इंजेक्टर चिकटत नाहीत.

सातारकर

हायड्रो टेस्ट तीन वर्षांतून एक दिवसाचं काम आहे, त्यासाठी वर्षाचे ३१ हजार सोडायचे? क्रेट रोज कोण नेतं? हंगामात दोन महिने. त्या दोन महिन्यांत छोटा हत्ती भाड्याने बोलवा. उरलेले दहा महिने डिकीत काय असतं ते एकदा उघडून बघा.

मिरज जंक्शन

हंगामात भाड्याची गाडी वेळेवर मिळत नाही, हे तासगावात कुणालाही विचारा. आणि क्रेट बाजूला ठेवले तरी म्हाताऱ्यांची चाकाची खुर्ची, वॉकर, दवाखान्याची बॅग रोजचीच असते.

कृष्णाकाठ (सांगली)

गाडी कुठलीही घ्या, गंजाचं एक काम सगळ्यांना लागू. महाबळेश्वर, पाटण, कोयनेच्या पावसात फिरणाऱ्या गाडीच्या दारांच्या खालच्या कडेला पाणी निथळायची भोकं असतात. उन्हाळ्याच्या शेवटी तिथली माती बारीक तारेने काढा. भोक बुजलं की पाणी दाराच्या पोटात साचतं आणि पत्रा आतून कुजतो. बाहेर फुगा दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. खालून अँटी-रस्ट मारून घेताना ती भोकं टेपने झाकायला सांगा, बरेच जण त्यावरच फवारा मारतात. ऑइल १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी, कारण ते हवेतला ओलावा शोषतं आणि पसरणी उतरताना उकळलं की पेडल खाली जातं.

घाटमाथा (कराड)

हे मान्य. आणि घेण्याआधी टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या भोवती घेऊ नका. साताऱ्यात असाल तर घरची पाच माणसं बसवून यवतेश्वरचा घाट चढा, एसी चालू ठेवून. चढाच्या वळणावर थांबून पुन्हा उचला. वॅगनआर आणि ट्रायबर दोन्ही त्याच वळणावर, त्याच माणसांसह. मोजपट्टी बरोबर न्या, डिकीच्या तोंडाची रुंदी आणि ओठाची उंची मोजा. वॉकर आडवा जातो की तिरका घालावा लागतो, ते तिथेच कळेल.