क्लोराइड चॅनेल : वाहिनी, नलिका की मार्गिका?

प्रश्न :
मानवी पेशींतले क्लोराइड चॅनेल ऋणायनांची (ऋणप्रभारित कणांची) ये-जा कशी ठरवतात, यावर मराठीत लिहितो आहे. ‘चॅनेल’साठी वाहिनी, नलिका, मार्गिका असे तिन्ही शब्द वापरलेले दिसतात. यातला नेमका कोणता? आणि चॅनेल उघडण्या-मिटण्याला, म्हणजे ‘गेटिंग’ला, काय म्हणावं? ‘द्वारनियंत्रण’ फार सरकारी वाटतं.

उत्तर :
‘वाहिनी’ नको. रक्तवाहिनी म्हटलं की वाहून नेणं आलं, आणि इथे नेमकं तेच घडत नाही. पेशीपटलात बसलेलं हे प्रथिन क्लोराइडला उचलून पलीकडे ठेवत नाही, फक्त वाट मोकळी करतं. जायचं कुठल्या दिशेला, हे आतल्या-बाहेरच्या संहतीतला फरक आणि पटलाच्या दोन बाजूंमधलं विभवांतर ठरवतात.

गाबा या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाचं उदाहरण घ्या. प्रौढ मेंदूतल्या बहुतेक चेतापेशींत क्लोराइड बाहेरच्यापेक्षा बरंच कमी असतं. गाबा ग्राहीला (त्याला ओळखणाऱ्या पटलातल्या प्रथिनाला) चिकटला की ग्राहीतलीच वाट उघडते, क्लोराइड आत शिरतं आणि पेशी सहजी उत्तेजित होत नाही. अपरिपक्व चेतापेशींत मात्र आतलं क्लोराइड जास्त असतं. गाबा तोच, वाटही तशीच, पण क्लोराइड बाहेर पडतं आणि परिणाम उलटा होऊ शकतो. आत किती क्लोराइड राहील हे एनकेसीसी१ आणि केसीसी२ ही क्लोराइड वाहून नेणारी वेगळी प्रथिनं पाहतात. ‘वाहक’ हा शब्द त्यांच्यासाठी राखून ठेवा. चॅनेलला ‘वाहिनी’ म्हणून बसलात तर पुढच्याच परिच्छेदात वाहक आणि वाहिनी यांचा गुंता होईल.

‘नलिका’ चूक नाही, पण डोळ्यांसमोर सरळ, सारख्या रुंदीची नळी येते. ही वाट मध्येच अरुंद होते, आणि तिची निवड बरीचशी तिथेच होते. म्हणून माझं मत ‘मार्गिके’ला. सीएलसी या कुळातली प्रथिनं जोडीने असतात आणि जोडीतल्या प्रत्येकाला स्वतःची वाट असते. त्यासाठी इंग्रजीत रूढ असलेल्या ‘डबल-बॅरल’ला आपल्याकडे ‘दुनळी’ हा शब्द आयताच आहे.

गेटिंगला ‘उघडझाप’ म्हणा. ‘विभवाने होणारी उघडझाप’, ‘कॅल्शियममुळे होणारी उघडझाप’ असं सरळ लिहिता येतं. पेशी फुगल्यावर उघडणाऱ्या मार्गिकाही आहेत, त्यांनाही हे चालतं. सीएफटीआरच्या (सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात बिघडणाऱ्या मार्गिकेच्या) बाबतीत दोन गोष्टी जुळाव्या लागतात : आधी त्याच्या नियामक भागावर फॉस्फेट गट बसायला हवेत, मग एटीपी हा पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू जोडला जायला हवा. हे ‘द्वारनियंत्रण’ या एका शब्दात कोंबलं तर वाचकाला काहीच कळणार नाही.

दुसरं उत्तर :
मार्गिका मान्य. माझा आक्षेप ‘क्लोराइड’ला आहे. यातल्या बऱ्याच मार्गिका क्लोराइडपुरत्या नाहीतच. सीएफटीआरमधून बायकार्बोनेट जातं, गाबा ग्राहीतूनही जातं. टीएमईएम१६ए या कॅल्शियममुळे उघडणाऱ्या मार्गिकेतून तर आयोडाइड क्लोराइडपेक्षा सहज जातं. शरीरात क्लोराइडच सर्वांत मुबलक ऋणायन आहे, म्हणून हे नाव पडलं. तेव्हा ‘ऋणायन मार्गिका’ अधिक खरं.

पहिल्या उत्तराकडून :
कुळाचं नाव म्हणून तुमचं बरोबर. पण सीएलसी मार्गिका आयोडाइडपेक्षा क्लोराइडलाच पसंती देतात, तिथे ‘क्लोराइड’ राहू द्या. २००२ साली संशोधक रॉडरिक मॅकिनन यांच्या प्रयोगशाळेने जीवाणूंतल्या सीएलसीची रचना उलगडली. आत क्लोराइडला धरून ठेवायला पूर्ण धनप्रभार नव्हताच, प्रथिनाच्या सर्पिलांच्या टोकांचा अंशतः धन असलेला प्रभार पुरत होता. आणि वाट अडवून बसलेलं होतं प्रथिनातलंच ग्लुटामेट हे अमिनो आम्ल. तेही ऋणप्रभारित, म्हणजे क्लोराइडच्याच जागी बसलेला तोतया.

गंमत पुढे आहे. हेच जीवाणूतलं प्रथिन मार्गिका नसून विनिमयक असल्याचं २००४ मध्ये दिसलं : दोन क्लोराइडच्या बदल्यात एक प्रोटॉन. माणसातल्या नऊ सीएलसींपैकी चारच मार्गिका आहेत, बाकीचे पाच विनिमयक. त्यामुळे इंग्रजी नावात ‘चॅनेल’ दिसला की डोळे मिटून ‘मार्गिका’ लिहू नका. ‘ॲनोक्टॅमिन’ या टीएमईएम१६ कुळाच्या दुसऱ्या नावाचं तर भाषांतरही करू नका. ॲनायन आणि आठ यांवरून ते नाव घडवलं, कारण प्रथिन पटलातून आठदा आरपार जातं असा तेव्हा समज होता. रचना मिळाल्यावर आकडा दहा निघाला. कुणी ‘अष्टऋणायनी’ केलं असतं तर आता काय करायचं?

प्रश्नकर्ता :
सिस्टिक फायब्रोसिसबद्दल ‘मार्गिका बिघडते’ असं लिहिलं तर चालेल?

दुसरं उत्तर :
मोघम होईल. सीएफटीआरच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या एफ५०८डेल उत्परिवर्तनात प्रथिनाची घडी नीट बसत नाही, त्यामुळे बहुतेक प्रथिन पेशीपटलापर्यंत पोहोचतच नाही. जी५५१डी या दुसऱ्या उत्परिवर्तनात ते पोहोचतं, पण नीट उघडत नाही. पहिल्यात मार्गिका ‘जागेवर नसते’, दुसऱ्यात ‘उघडत नाही’. औषधंही त्यानुसार वेगळी : आयव्हाकॅफ्टर उघडायला मदत करतं, म्हणून ते दुसऱ्या प्रकारात एकट्यानेही उपयोगी पडतं.

पहिल्या उत्तराकडून :
एक व्याकरणाचं राहिलं. ‘मार्गिका’चं अनेकवचनही ‘मार्गिका’च. वचन क्रियापदातून दाखवा : ‘मार्गिका उघडते’, ‘मार्गिका उघडतात’. दुनळी प्रकारात एकच वाट उघडी की दोन्ही, हे तिथे महत्त्वाचं असतं.