व्हर्टआयओ डिस्कचे वाचन दर वेळी २५६ एमबीपाशीच का थांबते?

प्रश्न :
मी स्वतः लिहीत असलेली एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम क्यूएमूमध्ये (आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) गेस्ट म्हणून, म्हणजे त्या आभासी संगणकावर, चालवतो आणि तिच्यासाठी व्हर्टआयओ ब्लॉक उपकरणाचा (आभासी डिस्कचा) ड्रायव्हर लिहिला आहे. १ जीबीची डिस्क ४ केबीच्या विनंत्यांनी, एका वेळी एकच विनंती पाठवून, सुरुवातीपासून वाचत गेलो की २५६ एमबीच्या आसपास सारे थांबते. चूक दाखवणारा संदेश येत नाही. ड्रायव्हर शेवटच्या विनंतीची वाट पाहत राहतो. इंटरप्ट (काम झाल्याची उपकरणाकडून येणारी सूचना) हरवत असेल का?

उत्तर १ :
अव्हेल रिंगमध्ये (ड्रायव्हर उपकरणासाठी विनंत्या मांडतो त्या यादीत) नोंद लिहिल्यावर, इंडेक्स वाढवण्यापूर्वी, मेमरी बॅरियर (मेमरीत लिहिण्याचा क्रम बदलू न देणारी आज्ञा) घातला आहे ना? तो नसेल तर उपकरणाला नव्या इंडेक्ससोबत जुनीच नोंद दिसू शकते.

उत्तर २ :
बॅरियर हवाच, परंतु त्याच्या अभावी होणारा बिघाड सहसा जागा बदलत राहतो, आणि तुमचा तर एकाच ठिकाणी ठाण मांडून बसला आहे. २५६ एमबीला ४ केबीने भागा : ६५,५३६. यूज्ड रिंगचा (उपकरण पूर्ण झालेल्या विनंत्या नोंदवते त्या यादीचा) इंडेक्स दर विनंतीमागे एकने वाढतो आणि १६ बिटांचा असतो. रांगेचा आकार (रिंगमधील जागा) कितीही असला तरी तो ६५,५३५ नंतरच शून्यावर येतो. विनंत्या ८ केबीच्या करून पाहा; कारण हेच असेल तर वाचन ५१२ एमबीपाशी थांबेल. शिवाय विनंतीच्या शेवटी असणाऱ्या स्टेटस बाइटमध्ये आधी २५५ भरून ठेवा. अडकल्यावर तेथे ० (म्हणजे यशस्वी) दिसला, तर उपकरणाने काम पूर्ण केले असून ते तुमच्याच कोडला उमगलेले नाही, असे समजावे.

प्रश्नकर्ता :
८ केबीने वाचन ५१२ एमबीपर्यंत गेले आणि स्टेटस बाइट ० निघाला. मी ‘शेवटचा पाहिलेला इंडेक्स यूज्ड इंडेक्सपेक्षा लहान असेपर्यंत’ अशी अट घातली होती, ती ‘दोन्ही समान नसेपर्यंत’ अशी बदलली. आता मात्र त्याच टप्प्यावर लूप संपतच नाही, आणि जुन्या विनंत्या पुन्हा पुन्हा पूर्ण झाल्याचे दाखवतो.

उत्तर २ :
शेवटचा इंडेक्स ठेवणारा व्हेरिएबल ३२ बिटांचा असणार. तो ६५,५३६ होतो, उपकरणाचा इंडेक्स मात्र ० असतो. मग ते समान व्हायचे कसे? तोही १६ बिटांचा करा, आणि रांगेच्या आकाराने भागून बाकी काढायची ती फक्त रिंगमधील नोंद वाचताना.

प्रश्नकर्ता :
३२ बिटांचाच होता. बदलल्यावर संपूर्ण १ जीबी वाचून झाले.